येसूबाई गाडीत बसत नाय

जॅकवर उचललेलं चाक आम्रपालीनं हातानं फिरवलं, आणि चाक डुगडुगलं.

"परत फिरव गो पोरी," कोंडाजी म्हणाला. त्याला वाटलं, दुसऱ्यांदा फिरवलं की चाकाला लाज वाटेल.

चाकाला लाज नव्हती. दुसऱ्यांदा ते आणखीच डुलत फिरलं, हळदीला दोन पेले जास्त झालेल्या नवरदेवाच्या मामासारखं.

आम्रपालीच्या बिरवाडीच्या गॅरेजात कोंडाजीची बायको येसूबाई मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली होती. ती कापड्याहून महाडपर्यंत एसटीनं आली होती, पुढं रिक्षानं. कोंडाजी आधी एसटीच्या आणि मग रिक्षाच्या मागून स्वतःची गाडी घेऊन आला होता. शिमग्यापासून दोघांचं असंच चाललं होतं. गाडीच्या आधीच्या मालकानं हौसेनं रुंद टायर घातले होते, ते वळणावर आतल्या बाजूला घासायचे. किंचाळायचे असे, की उमरठच्या कोंबड्या दोन दिवस अंडी घालायच्या विसरल्या. कापड्यात तर रेड्यानं रस्ता सोडला. आणि रेडा कुणासाठी रस्ता सोडतो? येसूबाई पहिल्याच वळणावर उतरली, ती पुन्हा बसली नाही. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट. कंडक्टर विचारायचा, "काकी, त्या मागच्यांचंपण फाडू का?"

टायर घासू नयेत म्हणून स्पेसर घालायचं ठरलं. चाकाच्या मागं बसणारी जाड चकती, चाक थोडं बाहेर सरकवणारी. भाच्यानं मुंबईहून स्वस्तातल्या पाठवल्या होत्या, कुठल्यापण गाडीला चालतात अशा. त्या आम्रपालीनं परत केल्या. "ह्या घातल्या तर नट तीन फेरेसुद्धा धरणार नाही काका. तुमच्याआधी तुमचं चाक पोलादपूरला पोचेल." मग ह्याच गाडीच्या मापाच्या, स्वतःचे बोल्ट असलेल्या, घट्ट बसणाऱ्या चार कोंडाजीच्या घरी मागवल्या. आज तिनं तारेच्या ब्रशानं आतला गंज घासून लख्ख केला, समोरासमोरचे नट पाळीपाळीनं आवळले, मोजून ताण देणारा पाना कट् वाजेपर्यंत.

आणि तरी चाक डुगडुगलं.

"माझी एसटी पावणेपाचची हाय," येसूबाई बाकावरून म्हणाली.

आज नाय जमलं तर ही या जन्मी बसत नाय, हे कोंडाजीला पक्कं ठाऊक होतं. एकदा तिनं जावेशी बोलणं टाकलं होतं, तर जाऊ वाट बघता बघता तीन वेळा आजी झाली.

आम्रपालीनं चाक काढलं. चकती काढली, उलटी केली आणि नखानं काहीतरी खरवडलं.

"तांदूळ," ती म्हणाली. "हळद लावलेला, अक्षतांचा. काका, इथं मध्ये कागदाचा कपटासुद्धा चालत नाही. चकती तिरकी बसते, चाक हलतं, मग नट सैल होतात. नवा माल म्हणून मी मागची बाजू पुसली नाही, माझीपण चूक. पण हा आला कुठून? काकींनी पूजा केली वाटतं?"

"मी?" येसूबाई ताडकन उठली. "मी त्या चकत्यांना हातपण लावला नाय!"

कोंडाजी छपराचे पत्रे मोजत होता.

"मी केली," तो म्हणाला. "सकाळी. ही गोठ्यात होती तवा. देव्हाऱ्यात ठेवल्या जरा वेळ."

येसूबाई त्याच्याकडे बघतच राहिली. चाळीस वर्षांत ह्या माणसानं समईची वात कधी सारली नव्हती. गणपतीत आरतीला उभा राहायचा तोपण मोदक किती उरलेत ते बघत.

"काय सांगितलंत देवाला?"

"काय सांगायचं? म्हटलं, हिला बसव."

येसूबाईनं पदर तोंडाला लावला. आधी तिचे खांदे हलले, मग पिशवी हलली, मग पिशवीतली सुकट हलली. आम्रपालीनं तोंड फिरवून दुसरी चकती काढली. तिच्या मागं आणखी दोन दाणे. तिसरीच्या मागं तुळशीचं पान. काकांनी हात आखडला नव्हता.

चारही चकत्या पुसून, कोरड्या करून पुन्हा बसल्या. पाना पुन्हा कट् कट् वाजला. ह्या वेळी चाक असं फिरलं, की फिरतंय का उभं हाय तेच कळेना. बाकाखालचं मांजर बघता बघता झोपून गेलं.

"आता पन्नास किलोमीटर फिरवून परत आणा," आम्रपाली म्हणाली. "नट पुन्हा तपासायला लागतात. घाटात नका जाऊ, सपाटीलाच फिरवा."

कोंडाजी आत बसला. चावी फिरवली आणि समोर बघत राहिला. पलीकडचं दार उघडलं. आधी सीटवर पिशवी आली, मग येसूबाई.

दीड तासानं गाडी परत आली, आवाज न करता. सीटवर भज्यांचा तेलकट कागद होता. आम्रपालीनं एकेक नट तपासला. एकच केसभर सरकला, बाकीचे जागचे हलले नाहीत.

"झालं काका. आता काळजी नाही."

येसूबाई खाली उतरलीच नव्हती. तिनं काच खाली केली.

"असा पन्नासावर काय भरवसा ठेवायचा गो? आम्ही आणखी पन्नास फिरवून आणतो." आणि कोंडाजीकडे वळून हळूच म्हणाली, "अवो, आता घाटानं घ्या. जरा वळणं तरी लागूदेत."