फ्रेमचं साल

“डिकरी, इंजिन एकोणीसशे सातचं आहे, तेच साल पाटीवर लिहितो,” परीक्षक दस्तूरकाका म्हणाले. “सर्वांत जुन्या गाडीची ढाल यंदा तरी तुझ्या बापाला मिळू दे. अडवायला आता तो नाही.”

“मी आहे ना, काका.”

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. त्यांची चार सिलिंडरची मोटरसायकल घेऊन मी पहिल्यांदाच रॅलीला आले होते. मी वाकून सीटखालच्या नळीवर कोरलेल्या नंबरावर बोट ठेवलं. “इंजिन सातचं, पण फ्रेम अकराची. मूळचं इंजिन फुटलं होतं, म्हणून बाबांनी हे जुनं बसवलं. गाडीचं साल फ्रेमवरूनच धरायचं, असं ते म्हणायचे.”

“दर वर्षी हेच बोलून ढाल घालवायचा. तूही तसलीच येडी!” काकांनी पाटीवर १९११ लिहिलं.

ढाल शेजारच्या १९०९च्या गाडीला गेली. टाळ्या वाजवताना मी मान ताठ ठेवली. त्या गाडीचे म्हातारे मालक ढाल काखेत धरून माझ्याजवळ आले. म्हणाले, “पोरी, मी हिला चौदाची समजत होतो. नऊची आहे हे तुझ्या बाबांनीच शोधून दिलं.”