अकरा काळी अक्षरं

"नाव डोळ्यांना दिसतंय ना? मग हा नाही कसं म्हणतो?" टायपिस्ट रत्नप्रभाने कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बोटच ठेवलं.

अंबादास साळवे, फाउंड्री. हिरव्या इंग्रजी अक्षरांत अगदी स्वच्छ. पण तेच नाव शोधायला सांगितलं की खाली उत्तर यायचं, असा कोणी नाही. तिने चारदा विचारलं, चारदा तेच. आणि हा नसलेला माणूस खिडकीबाहेर टोपी हातात धरून उभा होता. विक्रोळीच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या खोल्यांची सोडत चार वाजता होती. चिठ्ठ्या कॉम्प्युटर छापणार, आणि ज्याचं नाव त्याला सापडणार नाही त्याची चिठ्ठीच निघणार नाही. अंबादास एकोणीस वर्षं या खोलीची वाट बघत होता, आणि घड्याळात दोन वाजून गेले होते.

"बाई, मी आहे ना पण," तो खिडकीतून म्हणाला.

"तुम्ही आहात हो. याला पटवायचंय."

कॉम्प्युटर विभागाचे जयवंत राणे खुर्ची ओढून शेजारी बसले. कारखान्याच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं जुनं टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, काढून त्या जागी हा पीसी आणला होता, आणि त्या मोठ्या कॉम्प्युटरशी बोलताना तो जुन्या टर्मिनलचं सोंग घ्यायचा. ते सोंग वठवणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती राणेंनी शनिवारी चढवली होती. "एकदम झकास आहे," असं सगळ्यांना सांगत फिरलेही होते. आज बुधवार, आणि रत्नप्रभाने सोमवारपासून टाइप केलेल्या तीनशे बारांतली अकरा नावं गायब.

"टाइप करताना चुकलं असेल तुमचं," ते म्हणाले.

"चुकलं तिथे लगेच मागे येऊन दुरुस्त केलं. इथे यायच्या आधी नऊ वर्षं टाइपरायटर बडवलाय मी, राणेसाहेब. चूक तशीच ठेवीन होय?"

राणेंनी केबल हलवून पाहिली, मशीन बंद करून चालू केलं, जाडजूड मॅन्युअल चाळलं. रत्नप्रभाच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. अकराच का? आणि नेमकी हीच का? यादीत अंबादासच्या खालचा सहदेव सापडतो, वरचा खंडू सापडतो, मधल्यावर कसला राग?

"यादी कागदावर काढा बघू. या काचेवर माझा विश्वास नाही."

प्रिंटर करकरला. पान हातात पडताच तिने ते नाकाला लागेल इतकं जवळ धरलं. मग उठून खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरलं.

"अगो बाय!"

अंबादासच्या नावातलं एक अक्षर बाकीच्यांपेक्षा काळं होतं. तिने पेन्सिलने त्याभोवती गोल केला. मग खाली दुसरं सापडलं, तिसरं सापडलं. मोजून अकरा गोल झाले. नीट पाहिलं तर प्रत्येक काळ्या अक्षराच्या पोटात आणखी एक अक्षर होतं.

"हा तर माझा टाइपरायटर झाला! तिथे चुकलं की एक घर मागे यायचं आणि वरून दुसरं अक्षर मारायचं. खालचं जातंय कुठे?"

ती धावतच खुर्चीत बसली. स्वतःचं नाव मुद्दाम चुकवलं, बॅकस्पेसचं बटण दाबलं, बरोबर अक्षर मारलं. स्क्रीनवर नाव लख्ख. शोधायला सांगितलं. असा कोणी नाही. रत्नप्रभा एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"काय लबाड आहे मेला!"

राणेंनी कपाळाला हात लावला. "पूर्वी हे बटण खोडायचं. नव्या प्रोग्राममध्ये ते नुसतं मागे सरकतंय. वर नवं अक्षर दिसतं, आत दोन्ही राहतात. वाट लागली यार!"

त्यांनी खोडणारं दुसरं बटण शोधून दिलं. तिने अकरा नावं नव्याने मारली. सगळी सापडली. "सापडलात हो, अंबादासभाऊ!" ती ओरडली, आणि त्या दाढीदार गड्याने डोळे पुसले.

"थांबा," राणे म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "इथे सापडली, पण सोडतीची यादी बाराला बंद झालीय. आता नाव घालायचं तर दुरुस्तीचा फॉर्म लागतो. एका नावाला एक. त्यावर कारण एकच छापलंय, टायपिस्टची चूक. खाली तिची सही. मशीनची चूक असा रकानाच नाही."

 सहा महिन्यांच्या ट्रायलवरचा हा रत्नप्रभाचा पाचवा महिना होता, आणि असे तीन फॉर्म झाले की टायपिस्टला घरी बसवतात हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

"मी कळवतो वर," राणे म्हणाले. "आठवड्याभरात सिद्ध होईल, चूक प्रोग्रामची आहे म्हणून."

"आणि सोडत?"

राणेंनी मॅन्युअल मिटून बाजूला सारलं.

"राहू द्या बाई," अंबादास खिडकीतून म्हणाला. "माझ्यापायी तुमची नोकरी नको. पुढच्या वेळी बघू."

"गप बसा हो तुम्ही. आणि बाकीच्या दहांना कोण सांगणार, मी?"

तिने घड्याळाकडे पाहिलं, पेनचं टोपण काढलं आणि राणेंपुढे हात पसरला.

"आणा ते अकरा फॉर्म. पण बटण आजच्या आज नीट करा. बाराव्या नावाला सही करायला मी इथे नसेन."