नवे स्प्रिंग, जुने शॉक

“लांब काय उभी राहिलीस? ये, काय करून ठेवलंयस ते बघ तरी!” बाबा, धैर्यशील, ओरडला.

श्रिया जागची हलली नाही. टौरंगा शहरातल्या त्या गॅरेजमध्ये बाबाची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी वर उचलून धरली होती. मागचं डावं चाक काढलेलं होतं. सहा आठवडे ती हेच ऐकत होती. जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर तिच्या हातून गाडी चरात गेली आणि शेजारी बसलेल्या आईचं खांद्याचं हाड मोडलं. बाबा त्या दिवशी बंदरावर ड्यूटीला होता. तरी गाडी ऐंशीने मारली असणार, हे त्याने छातीठोकपणे ठरवून टाकलं.

“पंचेचाळीस होता स्पीड,” ती रडून सांगत होती. “मागची बाजू उड्या मारत होती, बाबा.”

कोण ऐकतो? मंडळाच्या कोजागिरीला चाळीस माणसांत तो म्हणाला, “आमची पोरगी गाडी चालवत नाही, फेकते.” सगळे हसले. हसणारच. गाडीच्या बाबतीत टौरंगाच्या मराठी मंडळींत त्याचा शब्द शेवटचा. कुठले स्प्रिंग घ्यायचे, गाडी किती इंच उचलायची, हे लोक दुकानात नाही, त्याला विचारायचे. नितीश-स्वरदासारख्या दोन-तीन घरांच्या गाड्यांना तर त्याने स्वतःच्या हाताने स्प्रिंग बसवून दिले होते.

त्या दिवसापासून श्रियाने स्टिअरिंगला हात लावला नाही. विसाव्या वर्षी ती बसने कामाला जायला लागली. आई, मृणालिनी, एक हात झोळीत अडकवलेला असताना दुसरा हात तिच्या डोक्यावरून फिरवायची. “जाऊ दे गं. होते चूक. माझ्या मनात काही नाही.” आईचं ते माफ करणं बाबाच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

“मागे कायम किती वजन असतं?” हेमीने विचारलं. हेमी गॅरेजचा मालक, दांडगा, शांत माओरी माणूस. चरातून गाडी ओढून काढायलाही तोच गेला होता.

“तंबू, फ्रिज, पाण्याची टाकी. पण तू मला आणखी कडक स्प्रिंगच दे,” धैर्यशील म्हणाला. “मला कळतं त्यातलं.”

हेमीने काहीच लिहून घेतलं नाही. त्याने गाडीचा काढलेला मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उचलला, जमिनीवर उभा धरला आणि वरून तळहाताने दाबला. दांडी सायकलच्या पंपासारखी सरकन आत गेली. आतच राहिली.

“मेलाय हा. दुसराही तसाच,” तो म्हणाला. “स्प्रिंग नवे आणि कडक, शॉक मात्र गाडीबरोबर आलेले. स्प्रिंग चाकाला उडवतो, शॉक त्याला आवरतो. इथे आवरायला कुणी नव्हतंच. त्या रस्त्यावर चाळिशीलासुद्धा मागची चाकं निम्मा वेळ हवेत असणार.” मग तो श्रियाकडे वळला. “मी टायरच्या खुणा बघितल्यात. उजवीकडे दरी होती. तू मुद्दाम डावीकडे चरात घातलीस ना?”

श्रियाने होकारार्थी मान हलवली.

“म्हणून आई वाचली तुझी,” हेमी म्हणाला आणि नवे शॉक आणायला आत गेला.

धैर्यशील तो मेलेला शॉक हातात घेऊन उभा होता. हात काळे झाले होते.

“बोल ना आता,” श्रिया म्हणाली. “चाळीस माणसांत बोललास ना? आता बोल!”

तो तिच्याकडे बघेना. “गाडी चरातून काढली त्या दिवशीच बघितले होते मी हे शॉक. खाली वाकून.”

“म्हणजे? तुला माहीत होतं?”

तेवढ्यात बाकावर ठेवलेला त्याचा फोन वाजला. मृणालिनीचा होता. हात बरबटलेले, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला.

“मृणाल, इथे श्रिया—”

“तिला कळलं नाही ना काही?” आईचा आवाज घाईचा होता. “हे बघ, आता उकरून काढू नकोस. शॉकपण बदला असं स्प्रिंगच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, मीच तुला वाचून दाखवलं होतं. तू ऐकलं नाहीस. झालं ते झालं. तिचं काय, लहान आहे, लोक विसरतात. तुझं नाव गेलं तर परत कोण विचारेल तुला?”

रोज डोक्यावरून फिरणारा तो हात! श्रियाने तोंड उघडलं. सहा आठवड्यांचं सगळं तिला एका दमात ओकून टाकायचं होतं.

“आणि नितीशच्या गाडीलाही तू तसेच बसवलेस ना, नुसते स्प्रिंग?” आई बोलतच होती. “त्यालाही काहीतरी निमित्त काढून शॉक बदलायला सांग. पुढच्या आठवड्यात सांग. आज ते पोरांना घेऊन जंगलात निघालेत. स्वरदाचा मेसेज आला होता मघाशी.”

धैर्यशीलने फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. नाव की पोरं, एवढंच ठरवायचं होतं, आणि त्याला ते ठरवता येईना.

श्रियाने तोंड मिटलं. स्वतःचा फोन काढला. रिंग वाजत राहिली. चार, पाच, सहा. उचलला. मागून पोरांचा कालवा ऐकू येत होता आणि चाकांखालची खडी.

“नितीशदादा, आहेस तिथेच गाडी थांबव,” ती म्हणाली. “चूक माझी नव्हती.”