आणलेला खोकला

खोकला कधी खोटं बोलत नाही, असं जुनेजाणते डॉक्टर सांगतात. त्यांना विमा कंपनीच्या चौकशी विभागात नोकरी करावी लागलेली नसते.

टिल्लीच्या बाबाने तिथे सोळा वर्षं काढली होती. मानेला पट्टा लावून आलेला माणूस खाली पडलेलं पेन कसं उचलतो, एवढ्यावरून तो दावा निकालात काढत असे. त्यामुळे सर्दीच्या तिसऱ्या रात्री, पावणेदोन वाजता, चार वर्षांच्या लेकीच्या पलंगाशी बसल्या बसल्या त्याच्या जे लक्षात आलं, ते दुसऱ्या कुणाच्या आलं नसतं.

उचललं की खोकला बंद. खांद्यावर टाकून खोलीत फेऱ्या मारल्या, तरी बंद. गादीवर ठेवलं की सुरू. त्याने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा मनात आकडेही मोजले. सातालाच आला.

त्याची झोप उडाली. आजाराला खांदा आणि गादी यांतला फरक कळत नाही. तो कळतो आजाऱ्याला.

आणि प्रश्न नुसता तत्त्वाचा नव्हता. टिल्लीच्या आईच्या रजा संपल्या होत्या. खोकणारं पोर पाळणाघरवाल्या बाई दारातूनच परत पाठवत. म्हणजे खोकला खरा असेल, तर सकाळी यानेच घरी बसायचं. आणि सकाळी अकराला विभागप्रमुखाच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती. कडक इस्त्रीचा शर्ट कपाटाच्या दाराला टांगून तयार होता.

"ऐकतेस का," तो शेजारच्या पलंगाकडे वळून कुजबुजला. "ही नाटक करतेय."

"कोण?" बायकोने पांघरुणातूनच विचारलं.

"टिल्ली. उचललं की थांबते, ठेवलं की खोकते. तीनदा पाहिलं."

"अरे, आडवं केलं की नाकातलं घशात उतरतं. डोक्याखाली अजून एक उशी दे."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कुठे? तीनदा पोरीला उचललंस-ठेवलंस, जसं काही वजन करतोयस. माझी उशी घे आणि झोप."

त्याने उशी दिली. कोमट पाण्याचे दोन घोट पाजले, नाक पुसलं, दिवा घालवला आणि आपल्या जागेवर येऊन पाठ टेकली. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. उशीने काम केलं, हे त्याला मान्य करावं लागलं.

तेवढ्यात खोकला आला. एकच.

पण हा वेगळा होता. मघाचे खोकले ओले होते, छातीतून ओढत आणल्यासारखे. हा कोरडा आणि सुबक होता. मुख्य म्हणजे त्याच्यानंतर शांतता होती. बोलून झाल्यावर माणूस उत्तराची वाट पाहतो, तसली. ही शांतता तो ओळखत होता. तिच्यावर त्याचं पोट चालत होतं.

त्याने उठून दिवा लावला. टिल्लीचे डोळे मिटलेले होते, जरा जास्तच घट्ट.

"टिल्ले, खरं सांग. मी रागावणार नाही." ही दोन वाक्यं तो ऑफिसात रोज वापरी, आणि त्यातलं दुसरं आजवर एकदाही खरं निघालं नव्हतं. "खोकला येतोय, की तू आणतेयस?"

टिल्लीने डोळे उघडून विचार केला.

"मघाचा आला," ती म्हणाली. "हा आणला."

सोळा वर्षांत इतका सरळ कबुलीजबाब त्याला कुणी दिला नव्हता. लोक वकील आणत, मेहुणा आणत, रडत. त्याचा हात सवयीने कागद शोधायला लागला. पाळणाघर, मुलाखत, शर्ट, सगळं जागच्या जागी बसलं.

"का आणलास?"

"तू गेलास ना."

"अगं, मी इथेच होतो. दोन पावलांवर."

"मला काय माहीत? अंधार होता."

आणि बोलता बोलता तिला खोकला आला. आधी एक, मग एकावर एक. डोळ्यांत पाणी आलं, तोंड लालबुंद झालं, आणि तिने त्याची बाही मुठीत घट्ट धरली. त्याने तिला उठवून बसवलं, पाठीवरून हात फिरवला, पाणी धरलं. बऱ्याच वेळाने उबळ ओसरली.

"हा कुठला?" त्याने विचारलं.

टिल्लीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"हा माहीत नाही," ती म्हणाली.

तो तिच्या पलंगावर चढला आणि भिंतीला पाठ लावून बसला. ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून झोपली. बाही तिने सोडली नाही. त्यानेही सोडवून घेतली नाही. पण डोळा मात्र मिटला नाही. प्रत्येक खोकल्याला तो वाकून तिचं तोंड बघे, आणि दर वेळी तो कुठल्या जातीचा, हे ठरायच्या आत पुढचा येई.

सकाळी बायको डबा भरता भरता दारात आली.

"जातोयस ना?"

"नाही."

"मग नाटक होतं की नव्हतं?"

"अर्धं होतं."

"अर्ध्याचं काय करतात तुमच्यात?"

"फेटाळतात," तो म्हणाला आणि मोकळ्या हाताने फोन ओढून घेतला.

आठ वाजता त्याने ऑफिसला कळवलं: मुलीला खोकला आहे, मुलाखतीला दुसरी तारीख मिळावी. साडेआठला उत्तर आलं, छापील नमुन्यातलं. विनंतीचा विचार होण्यासाठी खोकला खरा असल्याचा डॉक्टरी दाखला दोन प्रतींत जोडावा.

नमुन्याचा मसुदा त्याचाच होता, सहा वर्षांपूर्वीचा.