सूर, लय, जोर

ओंकारने बापाला, रामचंद्रला, शॅकच्या शेवटच्या बाकावर बसवलं, हातात लिंबूसोडा दिला आणि तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाला, "बाबानू, तुमी हंयसर बसा. एका तासाचा काम आसा." त्याच सकाळी त्याने रामचंद्रला म्हापशाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने हात टेकले. डिचोलीच्या खाणीवर सव्वीस वर्षं क्रशरपाशी उभा राहिलेला माणूस. त्याच्या कानात आता उरलंय काय?

मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या या शॅकवर, या झापाच्या हॉटेलात, आज खरी परीक्षा ओंकारची होती. पसंत पडला तर सबंध सीझनभर टेक्नो वाजवायचं काम त्याचं. नाही तर आहेच पुन्हा वरातीचा ट्रक आणि डाव्या कानाला चिकटलेला स्पीकर, गेली दहा वर्षं होता तसा.

रामचंद्रला ऐकू येत नव्हतं, पण बाकाची फळी अंगाला सगळं सांगत होती. धप्, धप्, धप्. पोराने घरी एकदा समजावलं होतं. एक गाणं संपायच्या आत दुसरं खालून सोडायचं, ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. त्यासाठी सूर जुळतो का बघायचं, लय जुळते का बघायचं, आणि मग जोर. सूर आणि लय कॉम्प्युटर आकड्यांत सांगतो. जोरालाही आकडा असतो, एक ते दहा, पण तो समोरची माणसं बघून ठरवायचा.

"थंय चूक झाली काय माणसा उठान जातत," ओंकार म्हणाला होता.

पहिला सांधा आला. दोन गाण्यांचे ठोके फळीत एकावर एक बसले, केसाचा फरक नाही. वा रे पठ्ठ्या! रामचंद्रला बरं वाटलं. फक्त ओंकार मान वर करत नव्हता. स्क्रीनवरचे आकडे वाचायचा आणि बटणं फिरवायचा, पुन्हा आकडे वाचायचा.

दुपारचे तीन वाजले होते. लोक माशांवर ताव मारता मारता सुस्तावत होते. शॅकची मालकीण गौरवी, मूळची कोरगावची, दोन्ही हातांत ताटं घेऊन आली आणि ओंकारच्या डाव्या कानाशी वाकली. ती काय म्हणाली ते रामचंद्रने तिच्या ओठांवरून वाचलं. क्रशरच्या गदारोळात सगळे कामगार ओठांनीच बोलायचे.

"जोर मातसो उणो कर. लोक जेवतात."

ओंकार हसला. मान डोलावली. आणि कमी करायच्या जागी जोर वाढवला.

आगाऊ मेला, रामचंद्र मनात म्हणाला. मालकिणीपुढे कसला माज?

फळी आता मांड्यांना टोचू लागली. एका बाईने झोपलेलं मूल उचलून बाहेर नेलं. दोन टेबलं रिकामी झाली. गौरवी पुन्हा आली, पुन्हा तेच बोलली. ओंकार पुन्हा हसला, पुन्हा तेवढीच मान डोलावली आणि जोर आणखी वाढवला. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा रामचंद्रने ग्लास खाली ठेवला. हे हसणं त्याच्या ओळखीचं होतं. त्याचं स्वतःचंच होतं. समोरचा काय बोलला ते ऐकू आलं नाही की माणूस असा हसतो, लगेच आणि जरा जास्तच. ओठ वाचायला शिकण्याआधी, आई गेल्याचं मुकादमाने सांगितलं तेव्हाही रामचंद्र असाच हसला होता, आणि मान डोलावून कामाला लागला होता.

त्याला राग आला नाही. रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही. फळी हलत होती तसा तो तिच्यावर हलत राहिला.

तास भरला. गौरवीने ओंकारच्या खांद्यावर हात ठेवला. बोलताना ती हसत होती, वाईट सांगायची पाळी आली की भली माणसं हसतात तशी. "सूर, लय तुजी बरोबर आसा. पूण जोर तुका कळना. आमकां दुसरो मनीस जाय. तूं आनी येवं नाका."

ओंकारने मान डोलावली, तिचे आभार मानले आणि जवळजवळ धावतच बाकापाशी आला.

"जमला, बाबानू! खूश दिसली. येवक सांगितल्यान."

तो खोटं बोलत नव्हता. तिच्या हसण्यावरून तो तसं धरून चालला होता.

रामचंद्र उठला. त्याने पोराची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं. मग आवाज न काढता, ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करत तो बोलला, "माज्या तोंडाकडे बघ. ती येव नको म्हणता."

ओंकार हसला. मान डोलावली.

रामचंद्रने हनुवटी सोडली नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.