वळणावरची भिंत

मेकॅनिकने तिसऱ्यांदा किक मारली आणि मोटारसायकलचं इंजिन याही वेळी लगेच सुरू झालं. त्याने ॲक्सिलरेटर पिळला, सोडला. आवाज चढला, उतरला, जागेवर आला.

"ताई, हिच्यात काही दोष दिसत नाही," तो म्हणाला.

मोठी बहीण सकाळपासून भिंतीला टेकून उभी होती. तिच्यासमोर कार्बोरेटर उघडून साफ झाला, हवेचा फिल्टर झटकून झाला, केबलमध्ये तेल सोडून झालं. पुढचं चाक वाकलेलं, टाकीला पोचा, एक आरसा गायब. इंजिन मात्र ठणठणीत. ते इतकं ठणठणीत असल्याचाच तिला राग येत होता.

चार महिन्यांपूर्वी धाकटी कामावरून परतताना गोदामाच्या काटकोनी वळणावर भिंतीला धडकली आणि जागच्या जागी गेली. पोलिसांनी कागदावर 'अतिवेग' लिहिलं. शेजारपाजाऱ्यांनी त्याला मीठमसाला लावला. मुलीच्या जातीला मोटारसायकल कशाला हवी होती, इथपासून बापाने डोक्यावर बसवून ठेवली होती, इथपर्यंत. आईने मुकाट्याने ऐकून घेतलं. बाबांनी नाही. त्यांनी ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या, अर्जावर अर्ज केले, शेवटी गाडी सोडवून आणली. "माझी पोर डोकं ठिकाणावर ठेवून चालवायची," एवढंच त्यांचं पालुपद. आज ते गाडीबरोबर इथवर आले होते, पण गॅरेजमध्ये त्यांना पाऊल टाकवेना. रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून होते.

"ती कधी गाडीबद्दल काही बोलली होती का?" मेकॅनिकने हात पुसत विचारलं.

बोलली होती. शेवटच्या आठवड्यात, जेवताना. मोठीने ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"म्हणाली होती, ताई, वळताना गाडी आपोआप पळते गं. मी म्हटलं, गाडी नाही पळत, तुझेच हात शिवशिवतात."

मेकॅनिक थांबला. मग इंजिन चालू ठेवूनच त्याने हँडल हळूहळू डावीकडे वळवलं. अर्ध्यापर्यंत काही झालं नाही. आणखी वळवलं, तसं इंजिन किंचाळायला लागलं. त्याचा हात ॲक्सिलरेटरवर नव्हताच. हँडल सरळ केलं, आवाज बसला. पुन्हा वळवलं, पुन्हा तेच.

मोठीच्या छातीवरचा धोंडा सरकला. धाकटी खरं बोलत होती. असंच धावत जावं आणि बाबांना सांगावं, असं तिला झालं.

"हे बघा." मेकॅनिक टाकीखाली वाकला. पुढच्या जादा दिव्याची वायर आणि ॲक्सिलरेटरची केबल एकत्र बांधून दोन्ही गाडीच्या सांगाड्याला आवळून टाकल्या होत्या. "हँडल वळायचं तर केबल थोडी सैल असावी लागते. इथे ती जखडलीय. म्हणून वळताना ताणली जाते आणि गाडी स्वतःच रेस होते. ज्याने कुणी बांधलंय, त्याचा हात सुबक आहे. पण गाडीतलं त्याला कळत नसणार. वायरिंगवाला असेल कुणी."

मोठी वाकली. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, एकसारख्या अंतरावर. प्रत्येकीचं टोक कापून आतल्या बाजूला वळवलेलं, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून. घरातली एकूण एक वायर अशीच बांधलेली होती. चाळीस वर्षं बाबांनी लोकांच्या घरांचं वायरिंग केलं होतं. पोर उशिरा येते, गोदामापाशी उजेड नसतो, म्हणून एका रविवारी दिवसभर खपून त्यांनीच हा दिवा बसवला होता.

"मी लिहून देतो," मेकॅनिक म्हणाला. "तुमच्या बहिणीची काही चूक नव्हती. हे कुणी बांधलं, माहीत आहे?"

"नाही." ती सरळ उभी राहिली. "आणि लिहून काही देऊ नका. त्या पट्ट्या कापून टाका."

मेकॅनिकची नजर रस्त्यापलीकडच्या बाकाकडे, बाबांवर गेली. काय समजायचं ते तो समजला आणि त्याने इंजिन बंद केलं.

मोठी रस्ता ओलांडून गेली. बाबा बाकाला धरून उठले. सगळा जीव डोळ्यांत आणून ते तिच्याकडे बघत होते.

"आवाज ऐकला मी," ते म्हणाले. "सापडलं ना काहीतरी? पोरीची चूक नव्हती ना?"

तिने त्यांचा दंड घट्ट धरला.

"तो नुसती रेस करून बघत होता, बाबा. गाडीत काही दोष नाही," ती म्हणाली. "तीच वेगात होती."