चार वाजता जांभळा

"मावशी, चार वाजता जांभळा लागेल, काढून ठेवा," फादर दारातूनच म्हणाले.

मावशीच्या हातातली इस्त्री थांबली. चर्चच्या वेदीमागच्या या खोलीत तिने तीस वर्षं फादरांचे झगे शिवले, धुतले, इस्त्री करून टांगले. कुठल्या दिवशी कुठला रंग, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तिने सांगितलं असतं. लहान लेकरू गेलं की पांढरा. आणि या वेळी गेलेलं लेकरू तिची सख्खी नात होती, अडीच महिन्यांची.

"जांभळा मोठ्या माणसांना, फादर. लेकरांना पांढरा."

"बाप्तिस्मा झालेल्या लेकरांना," फादर घड्याळाकडे बघत म्हणाले. "तिचा राहिला ना."

राहिला म्हणे! जसा काही घरच्यांनी कंटाळा केला. आधी म्हणाले, बाप्तिस्म्याला साक्षी राहणाऱ्या धर्मपित्याचा दाखला आणा. जावयाने दोन खेपा घालून दाखला आणला, तर म्हणाले, आता महिनाअखेर सगळ्यांचे एकदमच उरकू. आणि काल पोर दूध पिऊन झोपली, ती उठलीच नाही. मावशीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"जांभळा कशाचा, फादर?"

"पश्चात्तापाचा. तुम्हाला काय सांगायचं?"

"अडीच महिन्यांच्या पोरीने कसला पश्चात्ताप करायचा? दूध ओकली त्याचा?"

"नियम मी केलेले नाहीत, मावशी."

"तारखा तर तुम्हीच दिल्या ना!"

फादर घसा खाकरून निघून गेले.

मावशीने जांभळा झगा काढला, एक सुरकुती राहू दिली नाही, आणि खुंटीला लावला. मग कपाट उघडून पांढरा खाली घेतला. ईस्टरचा होता. काठावरची सोनेरी कणसं तिने स्वतः भरली होती, अख्खा एक पावसाळा डोळे फोडून. मग तिने कात्री उचलली आणि मशीनचं झाकण काढलं.

चार वाजता फादर जांभळ्या झग्यात शवपेटीपाशी आले. पेटी कसली, हातभर खोकं. लेक आणि जावई दोन्ही बाजूंना उभे होते. आत पोर पांढऱ्याशुभ्र झबल्यात निजली होती, आणि गळ्याभोवती सोनेरी कणसं. फादरांनी पुस्तक उघडलं, ती कणसं पाहिली आणि पुस्तक मिटलं.

"मावशी, अहो," ते कुजबुजले, "ईस्टरला मी काय घालू?"

मावशीने वाकून झबल्याची बाही सारखी केली.

"अंगावर आहे तोच घाला," ती म्हणाली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तिचं काही राहिलेलं नाही, फादर. तुमचं राहिलंय."